कडेचं लुगडं

माझं डोकं लवकर तापते, हे आधीच सांगून देतो. कमाल चौकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे, तेवीस वर्षं झाली. कोणी येऊन म्हणते, "अंकुशभाऊ, मी काही इतका काळा नाही," तर मी त्याच्यासमोर आरसा ठेवतो आणि माझ्या कामाले लागतो. म्हणून त्या दुपारी आमच्या गल्लीतली मीराबाई पिशवी घेऊन पायऱ्या चढली तेव्हा मले वाटलं, आली एक तक्रार. आणि तक्रारच होती.

"जय भीम, मावशी. बसा."

ती बसली नाही. काउंटरवरची पासपोर्ट फोटोची पाकिटं तिनं हातानं बाजूले सारली, पिशवीतून पांढरं लुगडं काढलं, घड्या मोडल्या आणि काउंटरभर पसरलं.

"पाह्य," ती म्हणाली. "चष्मा लाव अन् नीट पाह्य. कुठी मळलं हाये ते दाखव मले."

मी पाहिलं. लुगडं असं पांढरं होतं की काउंटरची सनमायका त्याच्यापुढे मळकट दिसून राहिली होती. मी म्हटलं, "कुठंच नाही."

"मंग माहं लुगडं फोटोत काहून मळवलं तू?"

मामला असा होता. आमच्या गल्लीतल्या विहारात महिला मंडळाच्या बाया वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी जमतात. समाप्तीच्या पौर्णिमेले सगळ्या पांढरं नेसतात, खीर वाटतात, आणि एक ग्रुप फोटो निघते. तो फ्रेम होऊन विहाराच्या भिंतीवर वर्षभर राहते. बारा वर्षांपासून तो फोटो मीच काढतो. अंगण म्हणजे पायऱ्यांपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जेमतेम चौदा फूट. दरवर्षी भिंतीले पाठ घासून मी दोन तुकड्यांत फोटो काढायचो आणि मग कॉम्प्युटरवर जोडायचो. या वर्षी मी नवीन वाइड लेन्स घेतली, सोळा एमएमची. एका क्लिकमध्ये बेचाळीस बाया! मी इतका खूश झालो की त्या दिवशी कोणावर ओरडलोसुद्धा नाही.

फोटो लागला. मधोमध खुर्चीवर मंडळाच्या अध्यक्ष देवकीबाई, झक्क पांढऱ्या. डाव्या टोकाले सगळ्यात शेवटी मीराबाई, आणि तिचं लुगडं राखाडी. ती नेहमी टोकालेच असते, कारण खिरीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासून येता येता तिले उशीर होते आणि तोवर मधल्या जागा भरून जातात. देवकीबाईनं फोटोखाली उभं राहून, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मीराबाई, एक दिवस तरी धुवून नेसायचं वं! फोटो वर्षभर राहते." बाया खी खी करून हसल्या. देवकीबाईच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणे. तोंडाले लगाम नाही, एवढंच.

दुसरी कोणी असती तर तीही हसली असती. पण मीराबाई एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या धुलाईखान्यात होती. रक्ताच्या, औषधाच्या, कोण जाणे कशाकशाच्या चादरी तिनं पांढऱ्या करून दिल्या. सोडा किती, नीळ किती, कोणतं कापड सावलीत वाळवायचं, हे तिले झोपेतून उठवून विचारा. गल्लीतल्या पोरी लग्नातली साडी खराब झाली की ड्रायक्लीनवाल्याच्या आधी तिच्याकडे पळतात. अशा बाईले म्हणायचं, धुवून नेसायचं वं!

"मी आठ दिवसापासून विहारात पाय ठेवला नाही," ती म्हणाली. "त्या फोटोखालून जाववत नाही गा मले. छप्पन साली माही माय दीक्षेले गेली, तवा तिच्यापाशी पांढरं लुगडंच नव्हतं. होतं ते हिरवं, रंग इटलेलं. तिनं सोडा टाकून उकळलं, घासलं, पुन्हा उकळलं. तीन दिवस. रंग पुरा जाईपर्यंत. मी आठ वर्साची होती, मी पाणी आणून देत होती. तिनं मले सांगतलं, पांढरं नेसशीन तं लोकाइले पांढरंच दिसलं पाह्यजे. अन् आता माहं लुगडं वर्षभर भितीवर मळकं लटकन."

मले वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मले राग येते, हा माझा दुसरा दोष आहे.

"मावशी, ते लुगड्याचं नाही, लेन्सचं आहे," मी चिडून म्हटलं. "वाइड लेन्सच्या कडेले उजेड कमी पडते. टेक्निकल गोष्ट आहे, तुम्हाले नाही समजायची."

"तू समजवून तं पाह्य. समजते का नाही ते मी पाहतो."

आता आली का पंचाईत! मी पाण्याचा स्टीलचा गिलास उचलला. त्याचं तोंड तिच्यासमोर धरलं. "कसं दिसते?" गोल, ती म्हणाली. मग गिलास हळूहळू तिरपा केला. "आता?" चपटं. "बस. लेन्सचं तोंडही तसंच. समोरून येणाऱ्या उजेडाले दार पूर्ण उघडं, अन् बाजूनं तिरपा येणाऱ्याले अर्धं. मधातल्या माणसाले भरपूर भेटते, कडेच्याले थोडंसं. जितकी लेन्स वाइड तितका फरक जास्त."

तिनं गिलास माझ्या हातातून घेतला, स्वतः दोनदा तिरपा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"म्हंजे कडेच्या माणसाले कमीच भेटते."

"लेन्समध्ये, हो."

"मी बी लेन्सचंच म्हणून राहिली गा." मग म्हणे, "चादर बी तशीच. कपाटाच्या कोपऱ्यातली पाह्यली तं मळकी वाटते, खिडकीपाशी आणली तं साफ. आमच्या इथं नवीन बाई लागली का पहिले तेच शिकवो. एका जागी पाहून डाग ठरवू नको, चादर फिरव. पण तू खरं सांगून राहिला का बनवून राहिला, हे मले कसं समजन? तू बी लुगडं फिरव."

"म्हणजे?"

"म्हंजे हे लुगडं टांग भितीवर. आडवं. एकच कापड, एकच धुनं. त्याचा फोटो काढ. मंग सरकवून टांग. जो पदर कडेले होता तो मधात आण, अन् मधातला कडेले ने. पुन्हा काढ."

माझ्याकडे इंजिनियरिंगचे पोट्टे येतात, दीड लाखाचे कॅमेरे गळ्यात. हजार गोष्टी बोलतात, पण 'कापड फिरवून पाहू' असं त्यांच्यातल्या एकानंही कधी म्हटलं नाही. हे म्हणायले सातवी शिकलेली बाई लागली.

लुगडं मी बॅकड्रॉपच्या पाइपवर टांगलं आणि त्याच वाइड लेन्सनं दोन फोटो काढले. मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. पहिल्यात मधला भाग पांढराशुभ्र आणि पदर राखाडी. दुसऱ्यात तोच पदर पांढराशुभ्र आणि आधीचा मधला भाग राखाडी. मीराबाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, या पदरावरून त्या पदरावर नेलं, आणि खुर्चीत बसली. आल्यापासून पहिल्यांदा.

"सुटली मी," ती म्हणाली. "अंकुश, पाणी दे."

माझ्या नजरेत मात्र दुसरीच गोष्ट आली. आता काढलेल्या फोटोतल्या कडा राखाडी होत्या, पण विहारातल्या फोटोइतक्या काही नव्हत्या. मी जुनी फाइल उघडली आणि जीभ चावली. लग्नाचे फोटो मी कॉम्प्युटरमध्ये एका तयार सेटिंगमधून काढतो. ते सेटिंग कडा मुद्दाम आणखी काळ्या करते, म्हणजे पाहणाऱ्याची नजर सरळ नवरा-नवरीवर जाते. सीझनमध्ये हजारो फोटो त्याच्यातून जातात, हात आपोआप तिथंच पडते. बायांचा फोटोही मी सवयीनं त्याच्यातूनच काढला होता. बेचाळीस बायांत नवरी कोण होती, मले विचारा! लेन्सनं अर्धं मळवलं आणि उरलेलं मी.

चूक कबूल करायची वेळ माझ्यावर आयुष्यात तीनदा आली असेल. ही चौथी. "मावशी, यात माझीही चूक आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मले वाटलं आता ही मले धुवून काढते.

"मानलं ना चूक? मंग झालं. आता दुरुस्त कशी करतो?"

मी म्हटलं, सोपं आहे, कॉम्प्युटरवर कडा उजळतो. तिच्यासमोरच केलं. लुगडं पांढरं झालं, पण अंधारातून ओढून काढलेला उजेड कधी साफ नसते. तिचं तोंड खरखरीत दिसाले लागलं, आणि वाइडमुळे ते आधीच बाजूले ताणलेलं होतं.

"हे माहं तोंड हाये का? वरतून रवा सांडल्यावानी दिसते. नाही चालत."

"मग पुढच्या पौर्णिमेले सगळ्या पुन्हा पांढरं नेसून येतीलच. नवीन फोटो काढतो, फुकट. तुम्ही मधात बसा, मी देवकीबाईले सांगतो."

"अन् माह्या जागी कोण उभी राहीन?"

"राहील कोणीतरी."

"मंग तिचं लुगडं मळन ना!" ती एकदम तडकली. "तिनं काय केलं? मी मधात बसून पांढरी होऊ अन् दुसरीले मळवू? अशी अक्कल शिकवतो का मले?"

मले माझ्यासारखं ओरडणारं माणूस क्वचितच भेटते. आणि खरं सांगू का, मले ती त्या क्षणी इतकी आवडली की मी रागावलोही नाही.

"कडेले कमी नाही पडलं पाह्यजे, यासाठी काय लागते ते सांग," ती म्हणाली.

"मागं जावं लागते. लांबून काढला की साधी लेन्स पुरते, उजेड सगळ्यांवर सारखा येते. पण मागं भिंत आहे. भिंतीमागं गल्ली, गल्लीमागं रुपरावचं घर."

"रुपरावची गॅलरी," मीराबाई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. रुपराव आणि महिला मंडळ यांचा छत्तीसचा आकडा, आणि तो त्या गॅलरीपायीच. चार वर्षांपूर्वी त्यानं वरच्या मजल्याची गॅलरी तीन फूट गल्लीवर काढली. मंडळानं महानगरपालिकेत अर्ज दिला. नोटीस आली, रुपरावनं कचेरीच्या चकरा मारल्या, गॅलरी राहिली, पण तेव्हापासून तो विहारासमोरून तोंड फिरवून जाते. त्या गॅलरीतून फोटो काढायचा म्हणजे वाघाले त्याच्याच गुहेत चहा मागायचा.

मीराबाई त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेली. मले सोबत नेलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. रुपराव दारातच उभा राहिला, या-बसा काही नाही.

"रुपराव," ती म्हणाली, "तुह्या गॅलरीच्या अर्जावर पहिली सही माही होती."

असं कोणी सुरुवात करते का!

"माहीत आहे मले," रुपराव म्हणाला.

"गॅलरी चुकीची हाये. मी आजबी तेच म्हणतो. पण आता हाये तं हाये. मले पौर्णिमेच्या सकाळी अर्धा घंटा पाह्यजे. हा तिथून फोटो काढन. कामापुरतं गोड बोलाले आली असं तू म्हणू नये, म्हून सहीचं पहिले सांगतलं."

रुपराव हसाले लागला, असा की आतून त्याची बायको काय झालं म्हणून पाहाले आली. "चार वर्षांत एक जण माझ्या तोंडावर बोललं नाही मावशी. सगळे मागूनच. या, चहा घ्या." पहा, बाईनं एक गोड शब्द न वापरता गॅलरी मिळवली.

परत येताना मी म्हटलं, पौर्णिमेले मी सगळ्यांसमोर सांगतो की चूक लेन्सची आणि माझी होती. ते लुगड्याचे दोन फोटोही दाखवतो. ती म्हणाली, "काही नको. म्हणतीन फोटोवाल्याले पढवून आणलं. तोंडानं सांगतलेलं पांढरं कोणाले दिसत नाही. तू नुसता फोटो नीट काढ."

पौर्णिमेच्या सकाळी आठ वाजता मी रुपरावच्या गॅलरीत उभा होतो, साधी पन्नासची लेन्स लावून. खाली पायऱ्यांवर तीन ओळींत बेचाळीस बाया. वरून काढला की सगळ्यांची तोंडं दिसतात, एवढंच कारण त्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. रुपराव शेजारी उभा राहून वरतून ओरडत होता, "ओ ताई, दुसरी ओळ, जरा उजवीकडे! हां, बस!" चार वर्षं अबोला धरलेला माणूस, आणि आता त्याच्यापुढे माझंच काही चालेना. मीराबाई गंज घासून आली आणि डाव्या टोकाले आपल्या जागी उभी राहिली. एका बाईनं तिले मधात ओढलं, तर तिनं हात सोडवून घेतला. मान खाली होती तिची. पूर्ण महिना ती तशीच वागत होती, आधी आलीच नाही, मग आली तर मागच्या दारानं, गेली तर कोणाशी न बोलता.

"मीरामावशी, वर पहा!" मी ओरडलो. तिनं वर पाहिलं, आणि मी क्लिक केलं.

दुपारी स्टुडिओत फाइल उघडली. काय सांगू तुम्हाले! या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं पांढरं. लग्नाच्या सेटिंगकडे तर मी पाहिलंही नाही. मीराबाईचं लुगडं असं निघालं की प्रत्येक चुणी मोजून घ्या. फोटो मोठा करून मी एकेक बाई तपासत गेलो, आणि मधोमध आलो तर खुर्चीवर देवकीबाई. त्यांच्या पदरावर, बरोबर छातीशी, रुपयाएवढा पिवळा डाग. वरणाचा असावा. चांगला ठसठशीत. मी खुर्चीवरून उडी मारली आणि मीराबाईले फोन लावला. लवकर या, मजा दाखवतो.

ती आली. मी आधी तिचं लुगडं दाखवलं. तिनं खूप वेळ पाहिलं. डोळे भरले, पदरानं पुसले. "मायले दाखवाले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाली. मग मी मोठ्या थाटात देवकीबाईवर आलो आणि डाग स्क्रीनभर केला.

"आता बोला, मावशी! धुवून नेसायचं म्हणे! हे घ्या. वर्षभर भिंतीवर राहणार."

मी हसत होतो. ती हसली नाही.

"काढता येते का ते?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटांचं काम आहे. पण मी काहून काढू? राहू द्या की! जशास तसं."

"काढ."

"मावशी, त्या बाईनं तुम्हाले सगळ्यांसमोर..."

"अंकुश." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. सोड्यानं खाल्लेला हात, बोटांची टोकं गुळगुळीत. "माहा डाग खोटा होता गा. मले मालूम होतं का खोटा हाये, तरीबी महिनाभर मान वर करता नाही आली. तिचा तं खरा हाये. तिचं कसं होईन?"

मी डाग काढला. ती मागं उभी राहून पाहत होती. "थोडं खाली, तिथं किनार राहिली पिवळी," म्हणाली, तीही काढली. मग बजावलं, "तिले सांगू नको. कोणालेच सांगू नको."

रविवारी फोटो विहारात लागला. जुना उतरवला, नवा चढवला. सगळ्या बाया खाली जमल्या, जी ती आपापलं तोंड शोधते. मीराबाई समोरच्या दारानं आली. देवकीबाईनं चष्मा सावरून फोटोवर नजर फिरवली, डाव्या टोकाले थांबल्या, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, साऱ्या विहाराले ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वा वं मीराबाई! या टायमाले छान धुतलं लुगडं!"

माझं डोकं सटकलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं. मीराबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

मग ती देवकीबाईकडे वळली. मान ताठ, सगळ्या बायांच्या मधोमध.

"हो माय," ती हसून म्हणाली. "तुह्यासारखंच पांढरं निघालं."